पंधरा मार्च की सोळा?

चवथीच्या आदल्या रात्री आमच्या घरात सगळ्यात शेवटी संपणारं काम म्हणजे माटोळी. आंबाडे, तोरिंगण, निरफणस, कांगलां, सुपारीचे घोस, सगळं लाकडी चौकटीला केवणीच्या दोरांनी बांधायचं आणि एकही फळ गणपतीच्या डोक्यावर पडता कामा नये. यंदा स्टुलावर माझा मावसभाऊ उभा होता, मी खालून एकेक घोस वर देत होतो, आणि मध्येच हात थांबवून त्याने विचारलं, "चार वर्सांनी हो धंदो उरतलो मरे?"

(घरात आम्ही बोलतो कोंकणी आणि लिहितो मराठी, गोव्यातल्या बऱ्याच घरांत असंच आहे, त्यामुळे कोणाचं बोलणं आठवलं की मला ते कोंकणीतच आठवतं.)

धंदा म्हणजे कम्प्युटरचा. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, यंदाच इंजिनिअरिंगला कम्प्युटर ब्रँचला लागली. मी एका कॉलेजात हेच शिकवतो म्हणून हा प्रश्न मला अॅडमिशनच्या दिवसांत कितीतरी पालक विचारतात, एआय आलंय, आता पोरांना नोकऱ्या मिळणार का, ही ब्रँच घेऊ की सिव्हिल घेऊ, वगैरे. पण मावसभावाने विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही कारण तो गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीचा आहे आणि त्याचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, आणि दोन्ही ट्रक दारात उभे राहिले. नंतर खाणी परत सुरू झाल्या म्हणून त्याने थोडा श्वास घेतला तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं बंद. एक धंदा डोळ्यांदेखत दोनदा बंद पडलेला माणूस आहे तो. आता सेकंड हँड पिकअप घेऊन भाजी आणि बांधकामाचं सामान वाहतो. असा माणूस जेव्हा "धंदा उरेल का" विचारतो तेव्हा त्याला "फिल्ड इव्हॉल्व्ह होतंय" असं सांगणं बरं दिसत नाही.

पुतणी बाजूलाच लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने बाबाच्या पिकअपच्या लोनचा हप्ता काढणारा प्रोग्राम बनवला होता, म्हणजे चॅटबॉटकडून लिहून घेतला होता, दोन मिनिटांत, छान बटणं-बिटणं असलेला. तीन लाख, दहा टक्के, छत्तीस महिने असं भरलं आणि उत्तर आलं महिना ९,६८० रुपये. मी तिला म्हटलं, "हे बरोबर आहे हे तुला कसं कळलं?"

"रन होतंय की काका, एरर नाही आला कुठे."

स्टुलावरून आवाज आला, "पूण हांव तर धा हजार आठशें तेत्तीस भरतां."

ती गोंधळली. प्रोसेसिंग फी असेल म्हणाली, इन्शुरन्स असेल म्हणाली. मी काही बोलणार इतक्यात शेजारची पोरं घुमटं घेऊन आरतीच्या प्रॅक्टिसला आली आणि विषय तिथेच राहिला. पण मला रात्री झोप येईना, कारण तो प्रश्न मी तिला विचारला खरा, पण तो मुळात माझा नाही. मला तो २६ वर्षांपूर्वी एका माणसाने विचारला होता.

१९९९ ची गोष्ट. मी नुकताच पास होऊन बाहेर पडलो होतो, नोकरी नव्हती, आणि गावाजवळच्या एका पतसंस्थेने नवा कम्प्युटर घेतला होता. ठेवींच्या पावत्या छापायला आणि व्याज काढायला प्रोग्राम हवा होता. मी फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे माहितीची टेबलं सांभाळणारे प्रोग्राम लिहायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, लिहायला घेतला. त्या काळात छोट्या ऑफिसांत, दुकानांत, पतपेढ्यांत जिथे बघावं तिथे फॉक्सप्रोच असायचं. फॉक्सप्रोला तारखेचा स्वतःचा वेगळा प्रकार आहे, त्यात लीप वर्ष वगैरे सगळं बरोबर धरलेलं असतं, पण मी तारखा साध्या अक्षरांच्या रकान्यात ठेवल्या, वर्ष दोन आकडी, आणि दिवस मोजायचं फंक्शन एका मित्राच्या फ्लॉपीवरून कॉपी केलं. ते फंक्शन मी उघडून वाचलं नव्हतं. चालत होतं.

तिथे एक क्लार्क होते, पन्नाशीतले, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की महिनाभर किर्द-खतावणी हातानेही चालणार आणि कम्प्युटरवरही, आणि रोज संध्याकाळी दोन्ही जुळवायचं. मला राग आला होता. इतका महागाचा कम्प्युटर आणायचा आणि परत पेनानेच लिहायचं तर काय उपयोग असं वाटायचं. १५ डिसेंबरला एका बाईंनी ९१ दिवसांची ठेव ठेवली, पावती छापून आली, मुदत संपण्याची तारीख १६ मार्च. काकांनी पावती हातात घेतली, बाईंना थांबायला सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"हें बरोबर म्हण तुका कशें कळ्ळें रे?"

मी म्हटलं प्रोग्रामनेच काढलंय. ते उठले, भिंतीवर जुन्या कालनिर्णयच्या मागे २००० चं नवं कालनिर्णय टांगलेलं होतं, ते काढून टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलने मोजायला लागले. डिसेंबरचे १६, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २९, मार्चचे १५. एक्याण्णव. पंधरा मार्च.

मी वाद घातला. मला शिकलेलं आठवत होतं की शतकाचं वर्ष लीप नसतं, १९०० नव्हतं. ते म्हणाले असेल, पण इथे २९ छापलंय. घरी जाऊन पुस्तक उघडलं तेव्हा नियमाचा उरलेला अर्धा भाग सापडला, १०० ने भाग जाणारं वर्ष लीप नाही पण ४०० ने भाग जात असेल तर आहे. मित्राच्या फंक्शनमध्ये पहिला अर्धाच भाग होता. सगळं जग त्या महिन्यात वायटूके वायटूके करत होतं, म्हणजे वर्ष दोन आकडी लिहिल्यामुळे २००० साल लागताच कम्प्युटर गोंधळतील, विमानं पडतील, बँका बंद पडतील म्हणत होतं, आणि आमच्याकडे एका बाईंच्या पावतीवर एक दिवस चुकला होता. तो दिवस सापडला कारण एका माणसाला कालनिर्णय बघायची सवय होती.

काकांना प्रोग्रामिंग येत नव्हतं, लीप वर्षाचा नियमही माहीत नव्हता. पण मराठी शाळेत गणित सोडवल्यावर खाली ताळा लिहायला शिकवतात ना, भागाकार केला की गुणाकार करून बघायचा, ते त्यांच्या हाताला लागलेलं होतं. उत्तर दुसऱ्या वाटेने परत काढायचं आणि दोन्ही वाटा एका ठिकाणी येतात का बघायचं. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनसमोर बसून शेकडो प्रोग्राम लिहिले, चप्पल बाहेर काढून एसी लॅबमध्ये जायचो तेव्हा देवळात गेल्यासारखं वाटायचं, पण ताळा लिहायची सवय मी सातवी-आठवीतच कुठेतरी सोडून आलो होतो.

त्यानंतर किती गोष्टी आल्या आणि गेल्या. ज्या फॉक्सप्रोवर माझं पोट चालायचं त्याची पुढची आवृत्ती काढणार नाही असं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केलं, २०१५ ला सपोर्टही संपला. गोव्यात सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना घरी कम्प्युटर मिळाले तेव्हा गावागावांत ते पांढरे डबे आले आणि त्यांच्यावर आयांनी शिवलेली फुलाफुलांची कव्हरं आली, आता पुतणीचा धाकटा भाऊ केअर्स योजनेमुळे शाळेतच कोडिंग आणि रोबोटिक्स शिकतो. गिट २००५ मध्ये आलं, अॅमेझॉनचं क्लाउड २००६ मध्ये, डॉकर २०१३ मध्ये, चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात. दर चार-पाच वर्षांनी पोरं नवं नाव घेऊन येतात आणि विचारतात सर, हे शिकू का. शिका म्हणतो मी. पण सिलॅबस उघडून बघितला की त्यात जे टिकून राहिलंय ते त्यांच्या आईबापांपेक्षा म्हातारं आहे. एडगर कॉड यांनी टेबलं आणि त्यांच्यातली नाती यांचं मॉडेल मांडलं १९७० मध्ये, सी भाषा १९७२ ची, ज्या टीसीपी-आयपीवर सगळं इंटरनेट चालतं ते इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर लागू झालं १ जानेवारी १९८३ ला. फॉक्सप्रो गेलं पण त्यातली टेबलं कशी मांडायची, एकच माहिती दोन ठिकाणी का लिहायची नाही, हे जे डोक्यात बसलं होतं ते घेऊनच मी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत गेलो आणि तिथे मला परकं असं फारसं काही वाटलं नाही.

म्हणून मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फार लांबचं काही सांगत नाही, एक शब्द देतो. फळ्यावर लिहितो: गोवा. आणि विचारतो, यात अक्षरं किती?

सगळे म्हणतात दोन. गो आणि वा. मग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला विचारायला सांगतो, पायथन म्हणतं चार. वर्गात कुजबुज सुरू होते. ग, ओकाराची मात्रा, व, काना, युनिकोड, म्हणजे लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणारी पद्धत, तिच्या दृष्टीने हे चार वेगवेगळे. मग म्हणतो हाच शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते नंबर बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीत, फाइलीत सेव्ह करा आणि बाइट्स मोजा. बारा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दोन, चार, बारा, तिन्ही उत्तरं बरोबर, आणि आता सांगा तुमच्या फॉर्ममध्ये "नाव जास्तीत जास्त वीस अक्षरं" असं लिहिलं असेल तर ती वीस कुठली? डेटाबेसच्या रकान्यात वीस बाइट ठेवले तर सातवं चिन्ह मध्येच तुटणार, आणि माणसाचं नाव तुटणार. पुढे शब्द उलटा करायला सांगतो, पुस्तकात असतो तोच स्ट्रिंग रिव्हर्सचा प्रोग्राम, इंग्रजीवर कायम चालणारा. गोवा उलटा केला की सुरुवातीलाच काना येतो, ज्याला टेकायला अक्षरच नाही, आणि मधला ओकार ग ला सोडून व ला जाऊन चिकटतो. स्क्रीनवर ते बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आतापर्यंत त्यांना वाटत असतं की प्रोग्राम हा इंग्रजीतच राहतो, आपली भाषा बाहेर कुठेतरी राहते.

तिथून गाडी पुढे जाते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, एक शिकवणारे आणि एक स्वयंपाक करणारे, फरक फक्त त्या अर्ध्या र चा. तो दुसरा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ हे वेगळं चिन्ह घेऊन, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात आणि सर्चमध्ये जुळत नाहीत. म्हणजे डोळ्यांनी बघून बरोबर वाटणं हा ताळा होत नाही.

आणि आपल्या गावांची नावं! एकाच गावाला आपण म्हणतो डिचोली आणि इंग्रजी बोर्डावर असतं बिचोलिम, केपे आणि क्वेपेम, सांगे आणि सांगेम. आडनावांचं तर विचारूच नका, पोर्तुगीज कागदांत एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. मागे काही मुलांनी फायनल इयरला बसथांब्यांचं अॅप केलं, माहिती तीन ठिकाणांहून गोळा केली, आणि डिचोली आणि बिचोलिम हे त्यांच्या नकाशात दोन वेगळे थांबे झाले. मुलं गोव्याचीच, त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण घरात माहीत असलेली गोष्ट लॅबमध्ये न्यायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं कम्प्युटर शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट फार हलकी धरली. पुढे ही मुलं हॉस्पिटलसाठी लिहिणार, फार्मा कंपनीसाठी लिहिणार, पंचायतीसाठी, हॉटेलसाठी, आणि तिथल्या माणसाला काय माहीत आहे ते विचारून घेणं हे निम्मं काम आहे. बँकांत सेव्हिंगचं व्याज आधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी बॅलन्सवर मिळायचं, १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या बॅलन्सवर सुरू झालं. हे कुठल्याही प्रोग्रामिंगच्या पुस्तकात नाही, आणि हे माहीत नसेल तर जगातली कुठलीही भाषा येऊन प्रोग्राम चुकणारच.

एसीएम आणि आयट्रिपलई कम्प्युटर सोसायटी या कम्प्युटरवाल्यांच्या दोन संघटनांचा २०२० चा कम्प्युटिंग अभ्यासक्रमांचा रिपोर्ट मी लॉकडाउनच्या काळात वाचला होता. एसीएम १९६८ पासून असे रिपोर्ट काढत आलीय, सुरुवातीला कुठले विषय शिकवायचे याची यादी असायची. या वेळी त्यांनी सांगितलं की पदवीधराची तयारी मोजायची तर तीन गोष्टी बघा, ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती, आणि तीसुद्धा एखाद्या खऱ्या कामाच्या संदर्भात. वृत्तींची यादी होती, जबाबदारीने वागणं, इतरांबरोबर मिळून काम करणं, स्वतःहून शिकणं, आणि त्यात एक शब्द होता ज्याचा अर्थ काटेकोर. तो वाचून मी थांबलो. पेन्सिल घेऊन कालनिर्णयावर वाकलेले काका आठवले. आपण सिलॅबसमध्ये याला किती मार्क ठेवलेत असं मनात आलं आणि उत्तर शून्य होतं.

आता एआयचं. मुलं वापरतात, सगळी वापरतात, लपवून वापरतात म्हणून मी तिसऱ्या सेमिस्टरपासून उघड परवानगी दिली. ही मॉडेलं पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त ते बघून लिहितात, आणि इतका कोड वाचून शिकलेली असल्यामुळे बहुतेक वेळा चांगलंच लिहितात, पण लिहिलेलं बरोबर आहे याची जबाबदारी ती घेत नाहीत, घेऊही शकत नाहीत. ती ज्याने सबमिट केलं त्याची. म्हणून माझ्या लॅबमध्ये आता कोडला थोडे मार्क आणि ताळ्याला जास्त. प्रत्येक प्रोग्रामबरोबर हाताने सोडवलेली तीन उदाहरणं द्यायची, त्यातलं एक कडेचं, म्हणजे शून्य, किंवा महिन्याचा शेवटचा दिवस, किंवा २९ फेब्रुवारी. आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी त्यांचा कोड विचारत नाही, दुसऱ्या कोणाचा तरी दोनशे ओळींचा देतो आणि वाचून दाखव म्हणतो, कारण नोकरी लागली की पहिले कित्येक महिने दुसऱ्याने लिहिलेलंच वाचायचं असतं.

पहिल्या सेमिस्टरला मात्र चॅटबॉट बंद. कागदावर ड्राय रन, प्रत्येक व्हेरिएबलचा रकाना आखून, ओळीओळीने. मुलं कुरकुरतात, पालकांचे फोन येतात की बाहेर जग कुठे चाललंय आणि तुम्ही कागद-पेन्सिल काय घेऊन बसलात. मला त्यांची काळजी कळते. प्लेसमेंटच्या टेस्टमध्ये स्पीड बघतात हेही खरं. पण ज्याने स्वतः कधी लूप लिहिली नाही, एका चुकलेल्या बरोबरीच्या चिन्हासाठी दोन तास घालवले नाहीत, त्याला दुसऱ्याच्या लूपमधली चूक दिसेल असं मला माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात कधी आढळलं नाही. सत्तरी तालुक्यातून पहाटेची बस पकडून येणारी मुलं असतात, त्यांचा वेळ मला फुकट घालवायचा नाहीये, आणि म्हणूनच मी यात सूट देत नाही.

व्हायव्हा मी मराठीत किंवा कोंकणीत देऊ देतो, परीक्षेच्या आधी तरी. मराठी शाळेतून आलेली पेडणे, सत्तरी, डिचोलीची मुलं वर्गात गप्प असतात आणि लोक समजतात त्यांना येत नाही. एकदा अशाच एका गप्प मुलाला डेडलॉक विचारला, म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकून बसतात ते. इंग्रजीत तो अडखळला, म्हटलं तुझ्या भाषेत सांग. तो म्हणाला, सर, आमच्या गावच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन कदंबा बस आल्या, दोघींच्या मागे स्कूटरांची रांग लागली, आता ही मागे जात नाही तोवर ती पुढे जात नाही आणि ती मागे जात नाही तोवर ही. मग सोडवणार कसं विचारलं तर म्हणाला कोणाला तरी मागे घ्यावंच लागणार, पण ज्याच्या मागे कमी स्कूटर आहेत त्याला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात कुठल्या प्रोसेसला मागे घ्यायचं ते ठरवताना खर्च बघायला सांगतात, तेच त्याने सांगितलं. आधी स्वतःच्या भाषेत पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे, मग इंग्रजी जमते, मी बघितलंय, एका वर्षात जमते. आणि आता तर मशीनलाही काम वाक्यात सांगावं लागतं, ज्याला नेमकं वाक्य लिहिता येत नाही त्याला नेमकं काम करून घेता येत नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले जवळजवळ ८५ लाख विंडोज कम्प्युटर बंद पडले, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, तेव्हा मी तो विषय वर्गात दोन तास घेतला. कारण नंतर कंपनीनेच सांगितलं, एका भागाला २१ रकाने अपेक्षित होते आणि दुसरा भाग २० च देत होता, एकविसावा वाचायला गेलं आणि तिथे काही नव्हतंच. तपासणाऱ्या प्रोग्रामनेही ते सोडून दिलं होतं. एकवीस आणि वीस. वर्गात एक मुलगी हळूच म्हणाली, सर, पंधरा मार्च आणि सोळा मार्च. मी त्यांना पावतीची गोष्ट आधीच सांगितली होती. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं ती काय म्हणाली ते.

तर मावसभावाला उत्तर काय द्यायचं हे माझ्याकडे तयार नव्हतंच. धंदा उरेल की नाही मी सांगू शकत नाही, खाणीचं तरी कोणाला सांगता आलं होतं? विसर्जन झालं, मी फोंड्याला परत आलो, कॉलेज सुरू झालं. आणि दहा-बारा दिवसांनी रात्री पुतणीचा फोन.

"काका, ते ९,६८० चुकीचं नाहीये. आणि बाबाचे १०,८३३ पण चुकीचे नाहीत."

तिने लोनचे कागद बाबाच्या ट्रंकेतून काढले होते, सगळी बारीक छपाई वाचली होती, आणि तिला एक शब्द सापडला होता, फ्लॅट. मग तिने वहीत हाताने मांडलं. तीन लाखांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला तीस हजार, तीन वर्षांचे नव्वद हजार, मुद्दलात मिळवले की तीन लाख नव्वद हजार, भागिले छत्तीस, १०,८३३. म्हणजे पैसे फिटत जातात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण तीन लाखांवरच. चॅटबॉटने लिहिलेला प्रोग्राम उरलेल्या मुद्दलावर व्याज धरत होता, बँका होमलोनला धरतात तसं. मग तिने वहीत छत्तीस ओळी आखल्या, दर महिन्याचं व्याज, मुद्दल, शिल्लक, आणि वेगवेगळे दर घालून बघितले, १०,८३३ हप्ता कुठल्या दराला बसतो ते.

"जवळजवळ अठरा टक्के येतो काका. त्यांनी दहा सांगितले होते."

मी काही बोललो नाही. तीही थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, स्क्रीनवर कुठला आकडा दाखवू? मी म्हटलं दोन्ही दाखव, आणि दोन्ही कसे काढले तेही खाली लिही. "बाबाला सांगू?" असं विचारलं तेव्हा मात्र मला विचार करावा लागला, कारण त्याचे बावीस हप्ते भरून झाले होते. सांग म्हटलं.

तिने सांगितलं. तो वही हातात घेऊन बराच वेळ बसला, छत्तीसही ओळी बोट ठेवून वाचल्या, दोन ठिकाणी बेरीज परत करून बघितली. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शेजाऱ्याला घेऊन घरी आला, त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या टेम्पोच्या लोनचे कागद होते.